अरबी नाणं आणि हाजींचं जहाज

अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात मिडलटाऊन नावाचं गाव आहे. २०१४ साली तिथल्या एका फळबागेत मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या एका हौशी शोधकाला काळवंडलेलं चांदीचं नाणं सापडलं. त्यावर अरबी अक्षरं होती. अभ्यासाअंती ते १६९३ साली येमेनमध्ये पाडलेलं निघालं. २०२१ मध्ये ही बातमी जगभर छापून आली. तिचा नायक होता हेन्री एव्हरी हा इंग्रज चाचा आणि त्याच्या गायब होण्याचं गूढ. मला मात्र त्या बातमीत ज्यांना लुटलं ती माणसं शोधावी लागली.

ती होती 'गंज-ए-सवाई' या औरंगजेबाच्या जहाजावर. सप्टेंबर १६९५ मध्ये हज करून हाजी सुरतेला परतत होते. इतिहासकार खाफीखान लिहितो की जहाजावर ८० तोफा होत्या आणि मोखा व जद्दा इथे विकलेल्या मालाचे ५२ लाख रुपये होते. लढाईच्या सुरुवातीलाच जहाजावरची एक तोफ फुटली आणि आपलीच माणसं मेली. मग चाचे वर चढले. त्यांनी स्त्रियांवर अत्याचार केले. काही स्त्रियांनी अब्रू वाचवण्यासाठी समुद्रात उड्या घेतल्या, काहींनी सुऱ्याकट्यारींनी जीव दिला.

बादशहाची छावणी तेव्हा आपल्याच मुलखात होती: मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी ब्रह्मपुरीला, म्हणजे त्याच्या 'इस्लामपुरी'त. सुरतेच्या वखारीतले इंग्रज कैद झाले. घाबरलेल्या ईस्ट इंडिया कंपनीला चाच्यांना पकडण्यासाठी इनाम लावावं लागलं. १६९६ मध्ये लंडनला एव्हरीच्या सहा साथीदारांवर खटला चालला. या जहाजाच्या लुटीच्या आरोपातून ज्यूरीने त्यांना चक्क सोडून दिलं! मग मूळ इंग्रज जहाज बंड करून पळवल्याचा दुसरा खटला भरला, त्यात ते दोषी ठरले आणि पाच जण फासावर गेले. हाजींच्या लुटीला शिक्षा झाली नाही, जहाज पळवण्याला झाली.

मग ते नाणं याच लुटीतलं का? एव्हरीची माणसं बहामा बेटांवरून पांगली, काही अमेरिकेतल्या वसाहतींत शिरली, हे खरं. पण जवळच्याच न्यूपोर्टचा थॉमस ट्यू हा चाचा १६९४ मध्येच तांबड्या समुद्रातली लूट घेऊन घरी आला होता. वसाहतींत रोख चांदीचा तुटवडा होता, त्यामुळे तिथे कुठलंही परकं नाणं चाले. नाण्यावर जहाजाचं नाव नसतं. इतकं मात्र म्हणता येतं की तांबड्या समुद्रातल्या लुटीचा पैसा त्या किनाऱ्यावर मुरला होता.

डिटेक्टर फक्त धातू आहे एवढंच सांगतो. तो कुठून आला हे फार्सी तवारिखा, कंपनीचे कागद आणि कोर्टाची दफ्तरं एकत्र वाचल्यावर कळतं. आपल्याकडे तर १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. तो कायदा मोडून खणणारा धन तर लपवतोच, शिवाय ते कुठे, कशाशेजारी होतं हा पुरावाही नष्ट करतो.

एव्हरीवर पुस्तकं निघाली, नाटकं झाली. समुद्रात उडी घेणाऱ्या त्या बायकांची नावंही खाफीखानाने लिहिली नाहीत. त्या नाण्याची गोष्ट आपण सांगू, तेव्हा निदान सुरुवात त्यांच्यापासून करूया.