जीवनसत्त्वाचा तोतया

पेशीविभाजन शिकवताना आपण फळ्यावर एका पेशीच्या दोन पेशी काढतो. त्याआधी पेशीला डीएनएची दुसरी प्रत करावी लागते. कर्करोगावरची अनेक औषधे याच कामात खोडा घालतात. त्यांतल्या एका औषधाची गोष्ट मुंबईत सुरू होते.

१९२८ पासून ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर भारतात गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करत होती. मुंबईतल्या गिरणी कामगार स्त्रियांना यीस्टचा अर्क दिल्यावर त्यांचे रक्त सुधारले. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केले. अर्कातला हा गुणकारी घटक म्हणजे फॉलिक आम्ल. डीएनएचे घटक बनवायला ते लागते.

रक्त सुधारणारा हा पदार्थ रक्ताच्या कर्करोगातही उपयोगी पडेल, असे बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांना वाटले. त्यांनी त्याची संयुगे आजारी मुलांना दिली. झाले उलटेच! आजार अधिक वेगाने वाढला. मग फॉलिक आम्लाचे काम अडवले तर?

अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी फॉलिक आम्लासारखीच दिसणारी रसायने बनवत होते. त्यांतले अमिनोप्टेरिन फार्बरना मिळाले. पेशीतले विकर या तोतयालाच धरून बसते आणि खरे काम खोळंबते. १९४८ च्या जूनमध्ये अहवाल आला: १६ पैकी १० मुलांमध्ये सुधारणा झाली. पण ती काही महिनेच टिकली.

काही पेशी औषधातून निसटतात आणि पुन्हा वाढतात. म्हणून विभाजनाच्या निरनिराळ्या पायऱ्या एकाच वेळी रोखायला हव्यात. १९४२ मध्ये येल विद्यापीठात प्रथम वापरलेले नायट्रोजन मस्टर्ड डीएनएचे दोन धागे एकमेकांना जखडते. सदाफुलीतले व्हिन्क्रिस्टिन गुणसूत्रे ओढून नेणारे तर्कूचे तंतू बनू देत नाही. १९६० च्या दशकात अशी वेगवेगळी औषधे एकत्र दिली जाऊ लागली. अमिनोप्टेरिनचे भावंड मेथोट्रेक्सेट आजही त्यांत असते. लहान मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात चांगले उपचार मिळाले, तर आज दहापैकी आठ-नऊ मुले बरी होतात.

मात्र औषधाला आपपर कळत नाही. केसांच्या मुळाशीही पेशी भराभर विभागतात, म्हणून केस गळतात. असे एखादे मूल वर्गात परत आले, की इतर मुले कुजबुजतात. त्या दिवशी हाच पाठ काढावा. गेलेले केस बहुधा परत येतात, आणि हा आजार शेजारी बसल्याने होत नाही, हेही आपण आवर्जून सांगावे.