फुगणारा ठिपका

दिवाळी अंक हाती आला की लेखांआधी चित्रे पाहावयाची, हा आपल्याकडचा जुना रिवाज. यंदा मात्र एखादे छायाचित्र साध्या भिंगाखाली धरून पाहा. गालावरची छटा, संध्याकाळचे आभाळ, सारे नाहीसे होते आणि उरतात नुसते ठिपके! छापखान्याच्या काळ्या शाईला करडा रंग ठाऊक नाही. ती कागदाला लागते तरी, नाही तर कागद कोरा राहतो. तेव्हा सावली हवी तेथे ठिपका मोठा, उजेड हवा तेथे बारीक, एवढ्याच युक्तीवर डोळ्यांची ही गोड फसवणूक चालते. तिचे नाव हाफटोन.

१८५२ साली इंग्लंडात टॉलबट यांनी जाळीदार कापड मध्ये धरून छायाचित्राचा ठसा करण्याची कल्पना मांडली. १८८२ साली जर्मनीत मायझेनबाख यांनी ती धंद्यात आणली. पुढे फिलाडेल्फियाच्या लेव्ही बंधूंनी अचूक रेषा कोरलेल्या काचेची जाळी तयार केली. प्रश्न सुटला असे लोकांना वाटले. पण खरी गंमत पुढेच होती.

ठशावरचा ठिपका कागदावर जसाच्या तसा उतरत नाही, तो फुगतो. यंत्राच्या दाबाने शाई कडेबाहेर सरकते आणि कागद ती पितो. टिपकागदावर शाईचा थेंब पडला की काय होते, हे शाळेतल्या कोणत्याही मुलाला ठाऊक असते. गणितात माझी मजल मॅट्रिकपलीकडे गेली नाही; परंतु पुढचा हिशेब मलाही जमतो. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदासाठी इंचाला सुमारे ६५ ओळींची जाळी वापरीत, गुळगुळीत आर्टपेपरसाठी १३३ ओळींची. म्हणजे एका चौरस इंचात पहिलीचे ४,२२५ ठिपके, तर दुसरीचे १७,६८९. ठिपके चौपट झाले, पण प्रत्येकाचा घेर निम्मा. म्हणून कडांची एकूण लांबी दुप्पट. आणि शाई पसरते ती कडेवरूनच! बारीक जाळीचा ठसा खरबरीत कागदावर छापला, तर चित्र सुबक व्हावयाचे सोडून काळवंडते ते यामुळे.

सर्वांत नाजूक जागा मधल्या छटांची. तेथे ठिपके बुद्धिबळाच्या पटासारखे कोपऱ्याला कोपरा लावून बसतात. शाई जराशी सरकली की कोपरे एकमेकांत मिसळतात आणि मऊ सावलीच्या जागी एकदम डाग दिसू लागतो. माणसाच्या गालावर आणि कपाळावर या मधल्या छटाच जास्त. म्हणजे बिघडतो तो नेमका चेहरा.

या ठिपक्याला शिस्त लावणाऱ्यांत एक माणूस आपल्या देशातला होता, कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी. मुलांसाठी त्यांनी रामायण लिहिले, चित्रेही स्वतःच काढली. पण लाकडी ठशांनी त्या चित्रांची पार रया घालविली. दुसरा कोणी छापखान्याला दोष देऊन गप्प बसला असता. यांनी विलायतेहून सामान मागविले आणि १८९५ साली स्वतःच ठसे करण्याचा धंदा मांडला. योग असा की, त्याच वर्षी मुंबईत काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिक काढले. हे मूळचे आजगावकर. बंगालीच्या प्रेमाने ‘मित्र’ झाले. मराठीतला पहिला दिवाळी अंकही त्यांचाच, १९०९ सालचा.

त्या काळी जाळीची काच आणि फोटोची काच यांच्यात किती अंतर ठेवावे, हे कारागीर अंदाजाने ठरवीत. उपेंद्रकिशोरांनी त्याचे गणित मांडले. जाळीचे प्रत्येक भोक म्हणजे एक इवलासा कॅमेराच, आणि ठिपका म्हणजे भिंगापुढच्या छिद्राची त्याने पाडलेली प्रतिमा, असा त्यांचा विचार. म्हणजे छिद्राचा आकार बदला की ठिपक्याचा आकार बदलतो, आणि शेजारच्या ठिपक्याला तो कधी व कसा भिडेल हेही हाती येते. १८९७ ते १९१२ या काळात लंडनच्या ‘पेन्रोज’ वार्षिकात त्यांचे अनेक लेख आले. विलायतेतल्या कारागिरांनी कलकत्त्याच्या माणसाचे लेख वाचावेत, हा त्या दिवसांत लहान मान नव्हे.

अर्थात ठसा कितीही नेटका असला तरी शेवटचा शब्द मशीनमनचा. सावलीच्या जागी दाब वाढावा म्हणून तो दाबाच्या बाजूला पातळ कागदाचे तुकडे चिकटवी. उजेडाच्या जागी थर सोलून काढी. या मेकरेडीत तास न् तास जात. वाचकाला तिचा पत्ताही नसे. चेहरा चांगला उतरला एवढेच तो म्हणे.

१९१५ साली उपेंद्रकिशोर गेले. विलायतेत हीच विद्या शिकून आलेले त्यांचे पुत्र सुकुमार राय १९२३ साली ऐन उमेदीत वारले, आणि थोड्याच वर्षांत ती पेढीही बुडाली. सुकुमारांचा मुलगा तेव्हा अगदी लहान होता. तो पुढे चित्रकार झाला, पुस्तकांची वेष्टणे करू लागला, मग चित्रपटांकडे वळला. ते सत्यजित राय.

ठिपक्याची विद्या मात्र पुढे चालत राहिली. १९३६ साली मरे आणि डेव्हिस यांचे सूत्र आले. छापलेल्या जागेवरून किती उजेड परत येतो ते मोजून ठिपका किती फुगला हे काढता येऊ लागले. १९५१ साली यूल आणि नील्सन यांनी आणखी एक गोष्ट हिशेबात घेतली. शाई तसूभरही सरकली नाही, तरी कागदात शिरलेला काही उजेड ठिपक्याखाली अडकतो आणि ठिपका आहे त्याहून मोठा भासतो. म्हणजे हा फुगवटा मुळातून घालविता यावयाचा नाही. तो धरूनच चालावे लागते.

आज हे काम संगणक करतो. त्याची रीत साधी आहे. कागदावर निम्मी छटा हवी असेल, तर प्लेटवर ठिपका निम्म्याहून लहानच ठेवावयाचा. उरलेले काम शाई आणि कागद आपण होऊन पुरे करतात.