शेजाऱ्यांची साक्ष

राष्ट्राचा इतिहास राजधानीत लिहिला जातो. गावाचा इतिहास मात्र बहुधा कोणाच्या तरी माळ्यावरील पेटीत पडून असतो. पेटी उघडणारे हात लाभले तर तो तगतो, नाही तर वाळवीच्या स्वाधीन होतो. असे हात एकत्र आणण्याचे कार्य अमेरिकेत दोनशे वर्षांपासून तेथील काउंटी इतिहास मंडळे करीत आली आहेत. काउंटी म्हणजे साधारणतः आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग. ही मंडळे सरकारने स्थापन केलेली नव्हती. गावचा डॉक्टर, वकील, शिक्षक, धर्मोपदेशक अशा माणसांनी वर्गणी काढून ती उभी केली. त्यांच्या कार्याचे मोल काय, हे पाहण्यासाठी आम्ही मॅसॅच्युसेट्स राज्यातील एसेक्स काउंटीचे उदाहरण घेतो.

एसेक्स इतिहास मंडळाची स्थापना १८२१ साली सेलम या बंदरगावी झाली. डॉ. एडवर्ड होलिओक हे पहिले अध्यक्ष. त्या वेळी त्यांनी वयाची नव्वदी ओलांडली होती, आणि पुढे ते शंभर वर्षे जगले. एका माणसाच्या स्मरणात किती काळ मावतो आणि त्याच्याबरोबर किती लोप पावू शकतो, याचे ते चालतेबोलते उदाहरणच होते. १८४८ मध्ये हे मंडळ काउंटीच्या निसर्गेतिहास मंडळात विलीन होऊन ‘एसेक्स इन्स्टिट्यूट’ जन्मास आली. १८५९ पासून तिने स्थानिक इतिहासाचे एक नियतकालिक चालविले. वंशावळी, रोजनिशा, मृत्युपत्रे, चर्चच्या नोंदी असे वरकरणी नीरस साहित्य त्यात वर्षानुवर्षे छापले गेले. संस्थेचे सचिव जॉर्ज फ्रान्सिस डाऊ यांच्या संपादनाखाली काउंटीच्या जुन्या न्यायालयीन नोंदींचे आठ खंड १९११ ते १९२१ या काळात निघाले. याच डाऊंनी सतराव्या शतकातील एक लाकडी घर मोडकळीतून वाचविले, १९१० मध्ये ते संस्थेच्या आवारात हलविले आणि लोकांना पाहण्यास खुले केले. राजवाड्यांऐवजी सामान्यांची घरे जपावीत, हा विचार त्या काळी नवाच होता.

सेलमचा आपल्याशीही एक धागा जुळतो. केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्न ओलांडून गेलेल्या तेथील कप्तानांनी १७९९ साली एक मंडळ स्थापिले आणि देशोदेशीच्या वस्तूंचे संग्रहालय उभारले. त्यांची जहाजे मुंबई बंदरातही येत. त्यांच्याशी व्यवहार करणारे मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचे चित्र आजही सेलमच्या संग्रहात आहे. दूरदेशीच्या वस्तू जमविणारे हे संग्रहालय आणि गावातले कागद जमविणारी एसेक्स इन्स्टिट्यूट या दोहोंच्या वारसदार संस्था १९९२ मध्ये एक झाल्या.

परंतु सेलमचे नाव जगाला ठाऊक आहे ते १६९२ सालच्या चेटूक-खटल्यांमुळे. त्या वर्षी चेटकाच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी देण्यात आले आणि एका वृद्धाचा अंगावर दगड रचून जीव घेण्यात आला. फाशी गेलेल्यांत रिबेका नर्स ही एकाहत्तर वर्षांची आजी होती. पंचांनी तिला प्रथम निर्दोष ठरविले होते. न्यायाधीशांनी त्यांना फेरविचार करावयास लावले. भर न्यायालयात विचारलेल्या एका प्रश्नाला ती उत्तर देऊ शकली नाही. आपल्याला कमी ऐकू येते, हे तिने नंतर कळविले. तोवर निकाल फिरला होता. तिच्या चर्चने तिला बहिष्कृत केले आणि १९ जुलै रोजी ती फाशी गेली.

आता कागदांचे मोल पाहा. रिबेकाच्या सुमारे चाळीस शेजाऱ्यांनी तिच्या बाजूने एका अर्जावर सह्या केल्या होत्या. आम्ही हिला अनेक वर्षे ओळखतो, हिचे आचरण हिच्या श्रद्धेला साजेसेच आहे, संशयास आम्हांला कधी जागा दिसली नाही, असा त्याचा आशय. चेटकिणीची बाजू घेणारा स्वतःच संशयित ठरे, अशा दिवसांत त्यांनी सह्या केल्या! तो अर्ज तिला वाचवू शकला नाही. पण तो कागद वाचला. १७१२ मध्ये सेलमच्या चर्चने तिचा बहिष्कार रद्द केला. १८८५ मध्ये वंशजांनी तिचे स्मारक उभारले आणि १८९२ मध्ये तिच्या बाजूने उभे राहिलेल्या शेजाऱ्यांचेही. कागद नष्ट झाला असता तर ही नावे कोठून कोरली असती?

गावाच्या कर-याद्या, चर्चच्या वह्या आणि अर्ज यांच्याच आधारे १९७४ मध्ये पॉल बॉयर व स्टीफन निसेनबॉम यांनी दाखवून दिले की, चेटकाच्या आरोपांमागे शेतजमीन, व्यापार आणि धर्मोपदेशकाची नेमणूक यांवरून गावात पडलेली जुनी फूट होती. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे वाद झाले. पण वाद घालण्यासही कागदच लागले. २०२२ मध्ये तर याहून हृद्य घटना घडली. खटल्यात दोषी ठरलेल्या, मात्र फाशीतून सुटलेल्या एलिझाबेथ जॉन्सन या तरुणीचे नाव दोषमुक्तांच्या यादीत राहूनच गेले होते. नॉर्थ अँडोव्हरच्या शाळेतील आठवीच्या मुलांनी आपल्या शिक्षिकेबरोबर तिचे प्रकरण अभ्यासले, विधिमंडळाकडे पाठपुरावा केला आणि तीनशेएकोणतीस वर्षांनी तिच्यावरील कलंक कायद्याने पुसला गेला.

याच्या उलट एक गोष्ट कॅथलिक वाचकांना ठाऊक असावी. रिबेकाच्या चार वर्षे आधी, १६८८ मध्ये, शेजारच्या बॉस्टन शहरात ॲन ग्लोव्हर या आयरिश कॅथलिक वृद्धेला चेटकीण ठरवून फाशी देण्यात आले. ती आयरिश भाषेत बोले. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना तिला इंग्रजीत नीट म्हणता आली नाही, हेही तिच्याविरुद्ध गेले. तिची हकिगत आपल्याला कळते ती मुख्यतः कॉटन मॅदर या प्युरिटन धर्मोपदेशकाच्या लेखणीतून. म्हणजे तिला दोषी मानणाऱ्याच्याच तोंडून. तिच्या बाजूने चाळीस सह्यांचा अर्ज नाही. १९८८ मध्ये बॉस्टनच्या एका कॅथलिक चर्चवर तिचा स्मृतिफलक लागला, हे खरे. पण फलकाने तिचा स्वतःचा शब्द परत येत नाही. ज्याचा कागद कोणी जपत नाही, त्याचा इतिहास त्याचा प्रतिपक्ष लिहितो.

या मंडळांना दोष नव्हतेच, असे आम्ही म्हणणार नाही. जुन्या इंग्रज घराण्यांचा गौरव हा त्यांचा आरंभीचा ओढा होता. मूळचे आदिवासी, गुलाम, नंतर गिरण्यांत राबावयास आलेले आयरिश व पोलिश कॅथलिक यांना त्या दालनांत जागा मिळण्यास फार वेळ लागला. शिवाय संस्था मोठी झाली की ती गावापासून दूर जाते. विलीनीकरणानंतर ते जुने नियतकालिक बंद पडले. २०१७ मध्ये संस्थेने आपले ग्रंथालय सेलमऐवजी रोली या गावी ठेवण्याचे जाहीर केले, तेव्हा सेलमचे नागरिक संतापले. नव्या जागी कागद अधिक सुरक्षित राहतील, हे संस्थेचे म्हणणे खोटे नव्हते. आमच्या पूर्वजांनी विश्वासाने दिलेली ठेव आमच्या गावात असावी, हे नागरिकांचे म्हणणेही खोटे नव्हते. कागद नुसता टिकून पुरत नाही. ज्यांचा तो आहे, त्यांच्या हाती तो पोहोचावा लागतो. १९९९ मध्ये एसेक्स काउंटीचे शासनच बरखास्त झाले. कचेरी गेली, परंतु काउंटीची स्मृती राहिली. कारण ती कचेरीच्या भरवशावर सोडलेली नव्हती.

आता आपल्याकडे वळू. डॉ. जर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसईच्या इतिहासावरील आपला ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हापासून किल्ले, लढाया आणि तह यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. पण आपल्या धर्मग्रामांतील बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या, वाडीतील जमिनीचे दस्त, मुंबईला भाजी आणि फुले पाठविणाऱ्यांच्या हिशेबवह्या, लग्नातील गाणी म्हणणाऱ्या आजीचा आवाज हे कोण जपणार? त्यासाठी भव्य इमारत लागत नाही. कोरडी खोली, एक कपाट, नीट केलेली यादी आणि महिन्यातून एकदा एकत्र येणारी पाचसात माणसे एवढ्याने आरंभ होतो. एसेक्सचा आरंभ याहून फार मोठा नव्हता.

त्या चाळीस शेजाऱ्यांनी सह्या केल्या, तेव्हा आपण इतिहास घडवीत आहोत, असे त्यांच्या मनातही नसेल. त्यांनी फक्त ओळखीच्या माणसाविषयी खरे ते सांगितले. स्थानिक इतिहास म्हणजे तरी दुसरे काय? पूर्वजांविषयी खरे ते सांगण्याची ती साक्ष आहे, आणि साक्ष देण्याचे कर्तव्य शेजाऱ्याला टाळता येत नाही.