गळा आणि हिशेबाची वही

मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास आपण प्रामुख्याने नाटककारांचा आणि गायक नटांचा इतिहास म्हणून वाचत आलो आहोत. देवल, कोल्हटकर, खाडिलकर, गडकरी. भाऊराव कोल्हटकर, बालगंधर्व, केशवराव भोसले. मात्र नाटक मंडळी म्हणजे फिरता संसार होता. पुढचा मुक्काम ठरवणे, नाट्यगृह मिळवणे, तिकिटांचे दर, नटांचे पगार, बिऱ्हाड आणि पंगत, आजारपण, सावकार हे सारे ज्याच्या माथी येई, तो व्यवस्थापक या इतिहासात क्वचितच दिसतो. दिसला तरी तो बहुधा कलावंताच्या कथेतील खलपुरुष असतो.

किर्लोस्कर नाटक मंडळीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १८८० मध्ये ‘शाकुंतल’ने सुरू झालेल्या या मंडळीचे संस्थापक अण्णासाहेब किर्लोस्कर पाचच वर्षांनी, १८८५ मध्ये निवर्तले. ज्यांच्या गळ्यावर मंडळीची भिस्त होती ते भाऊरावही १९०१ मध्ये गेले. तरीही मंडळी टिकली, आणि १९०५ मध्ये सतरा वर्षांच्या नारायण श्रीपाद राजहंसाला तिच्यात जागा मिळाली. मधल्या काळात संस्था उभी ठेवणाऱ्यांत शंकरराव मुजुमदार यांचा वाटा मोठा होता. आरंभी स्वतः स्त्रीभूमिका करणारे शंकरराव पुढे मंडळीचे व्यवस्थापक झाले. अण्णासाहेबांचे चरित्र त्यांनी लिहिले, ‘रंगभूमी’ हे मासिक चालवले. नाटकाचा व्यवहार पाहणाऱ्या माणसालाच नाटकाची स्मृती जपावीशी वाटली, ही गोष्ट लहान नव्हे. बालगंधर्वांना तयार रंगमंच मिळाला, बसवलेली नाटके मिळाली, जाणता प्रेक्षक मिळाला. हे भांडवल कोणा एका गळ्याने कमावलेले नव्हते.

परंतु याच व्यवस्थेची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९११ मध्ये ‘मानापमान’ रंगभूमीवर आले आणि मंडळीच्या उत्पन्नाचा मोठा आधार कोण, हे उघड झाले. ज्याच्या नावावर प्रेक्षागृह भरते त्याचा मालकीत वाटा किती, हा प्रश्न मग अटळ होता. व्यवस्थापकच जेथे मालकीच्याही बाजूला उभा असतो, तेथे त्याने घातलेली शिस्त नटाला संरक्षण न वाटता जाच वाटू लागते. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. नट स्वतःच मालक झाले. वरवर पाहता हा कलावंताचा विजय होता.

पुढचा इतिहास मात्र या विजयाची किंमत सांगतो. टेंबे लवकरच वेगळे झाले, बोडस १९१९ मध्ये गेले. भरजरी वस्त्रे, उंची अत्तरे, तबल्याला अहमदजान थिरकवाँसारखा साथीदार, पदरी बाळगलेला मोठा परिवार: हे वैभव रसिकांनी डोळे भरून पाहिले. ते वहीत कसे बसते, हे विचारण्याचा अधिकार मात्र कोणाजवळ उरला नव्हता. व्यवहार पाहणारी माणसे होती. पण नोकर मालकाला ‘नाही’ म्हणू शकत नाही. कर्ज लाखाच्या घरात गेले. दिवाळखोरीचा सोपा मार्ग न पत्करता बालगंधर्वांनी ते प्रयोग करून फेडले, ही त्यांची थोरवी. पण त्या फेडीत खर्ची पडलेली वर्षे त्यांच्या गळ्याची ऐन बहराची होती, हे विसरता येत नाही. १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’ने सुरू झालेली ‘प्रभात’ची सोबतही एका चित्रपटापलीकडे गेली नाही.

याच्या शेजारी ललितकलादर्श ठेवून पाहावी. १९०८ मध्ये तिची स्थापना करणारे केशवराव भोसले १९२१ मध्ये, ‘संयुक्त मानापमान’नंतर काही महिन्यांतच वारले. बापूराव पेंढारकरांनी संस्था हाती घेतली, पुढे भालचंद्र पेंढारकरांनी ती चालवली. तेथेही नटच मालक होते. तरी संस्था एका नटाच्या मृत्यूने संपली नाही, कारण तिला आपल्या नटापलीकडचे अस्तित्व लाभले होते.

तेव्हा व्यवस्थापक हवा की नको, हा वाद फसवा आहे. त्याचे स्थान कोणते, हा खरा प्रश्न. तो मालक झाला की कलावंत वेठीला धरला जातो. तो नोकर झाला की कलावंत स्वतःच्याच हौसेच्या तावडीत सापडतो. कलावंताच्या बाजूचा असूनही त्याला नकार देऊ शकणारा, असा मधला माणूस आपल्या मंडळ्यांना फारसा घडवता आला नाही.

आजच्या व्यावसायिक नाटकाच्या जाहिरातीत तारखा, दौरे आणि पैसे सांभाळणाऱ्याचा उल्लेख ‘सूत्रधार’ असा होतो. संस्कृत नाटकात हा मान नांदीनंतर रंगमंचावर येणाऱ्याचा होता. आता तो पडद्यामागच्या माणसाकडे गेला आहे. भाषेने त्याला दिलेले हे स्थान इतिहासलेखनानेही द्यायला हवे. त्यासाठी नटांच्या आत्मचरित्रांतील तक्रारी वाचताना, त्या तक्रारींच्या पलीकडे बसून वही लिहिणारा माणूसही वाचावा लागेल.