विंडोज की लिनक्स? गेब न्यूएलने दोन्ही दारं उघडली

वाकोल्यातून मी, तुमचा इंजिनिअर दोस्त. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चा सपोर्ट संपला. बऱ्याच जुन्या पीसींना विंडोज ११ चालत नाही. मग गेम खेळायला नवा पीसी घ्यायचा का? आधी थोडा इतिहास ऐका.

लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेल्या पीसीत विंडोजच का असायचं? कारण निवड आपली नव्हती, गेमची होती. आधी गेम डॉसवर चालायचे. १९९५मध्ये मायक्रोसॉफ्टने डायरेक्टएक्स आणलं. गेमने ग्राफिक्स कार्डाशी बोलायची ही भाषा, पण पीसीवर ती फक्त विंडोजला कळायची. 'डूम' विंडोजवर आणणाऱ्या टीमचा म्होरक्या होता गेब न्यूएल.

१९९६मध्ये गेबने मायक्रोसॉफ्ट सोडून साथीदारासोबत व्हॉल्व्ह काढली. २०१२मध्ये विंडोज ८ स्वतःचं ॲप स्टोअर घेऊन आलं. उद्या विंडोजने दार बंद केलं तर? गेब सावध झाला. २०१३मध्ये त्यांचं स्टीम लिनक्सवर आलं. २०१८मध्ये आलं प्रोटॉन. ते डायरेक्टएक्सचं बोलणं लिनक्सला कळेल असं करून सांगतं. २०२२चं स्टीम डेक लिनक्सवरच चालतं.

माझं मत? व्हॅलोरंट खेळत असाल तर विंडोजच. त्याचं अँटी-चीट लिनक्सवर चालत नाही. बाकी गेम प्रोटॉनडीबीवर तपासा. चालत असतील तर जुन्याच पीसीवर लिनक्स टाका, ईएमआय वाचेल. भेटू पुढच्या भागात!