उकाड्याला सरावलेला फ्लॉवर
पनवेलच्या बाजारातून आपण आणतो तो फ्लॉवर मूळचा भूमध्य समुद्राकाठचा. त्याचा गड्डा म्हणजे उमलण्याआधीच वाढ खुंटलेला फुलोरा. १८२२ साली इंग्लंडहून त्याचे बी सहारनपूरच्या बागेत आले. हे युरोपीय वाण थंडीचे. उकाड्यात त्यांचा गड्डा नीट धरत नसे. उत्तरेतल्या शेतकऱ्यांनी काय केले? ज्या मोजक्या झाडांनी उकाड्यातही गड्डा धरला, त्यांचेच बी राखून दरवर्षी पेरले. शंभरेक वर्षांत २० ते २७ अंश सेल्सिअसलाही गड्डा धरणारे भारतीय वाण घडले. या कामावर कुणा एका शास्त्रज्ञाचे नाव नाही. डार्विनने निवडीचे तत्त्व पाळीव कबुतरांवरून समजावले. आपल्याला वर्गात ते फ्लॉवरवरून समजावता येईल.