चामखीळ : सुश्रुतापासून आजपर्यंत

चामखिळीवर चुना आणि धुण्याचा सोडा लावा, हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. मुंबईच्या उपनगरांत आजही हा उपाय होतो. पण ओला चुना आणि सोडा एकत्र आले की कॉस्टिक सोडा तयार होतो. तो चामखिळीबरोबर आजूबाजूची त्वचाही जाळतो.

जाळण्याची कल्पना जुनीच आहे. चामखीळ हा शब्द संस्कृत 'चर्मकील'वरून आला. सुश्रुतसंहितेत ती शस्त्राने काढून क्षाराने किंवा अग्नीने डागायला सांगितले आहे. मात्र क्षार मोजून ठरावीक वेळच ठेवायचा आणि नंतर आंबट द्रवाने शमवायचा, अशी शिस्त होती. घरगुती उपायात नेमकी तीच राहून जाते.

1907 मध्ये इटलीच्या ज्युसेप्पे च्युफो यांनी चामखिळीचा गाळलेला अर्क टोचून नवी चामखीळ उठवली. जिवाणू गाळणीत अडकतात, म्हणजे कारण त्याहून सूक्ष्म होते : विषाणू. म्हणूनच चामखीळ खरवडली की पसरते.

आज सॅलिसिलिक अ‍ॅसिड किंवा उणे 196 अंशांचा द्रव नायट्रोजन वापरतात. लहान मुलांच्या अनेक चामखिळी एक-दोन वर्षांत आपोआप जातात. मधुमेह असेल, किंवा चामखीळ चेहऱ्यावर वा गुप्तांगावर असेल, तर घरी प्रयोग नकोत. आधी डॉक्टरांना दाखवा.